इंजिन लगेच बंद करायचं नसतं

प्रिय ठके,

पडद्याच्या दुमडीत हात घातलास, म्हणजे तू अजून माझीच लेक आहेस. लहानपणी दुकानात बसून तू नव्याकोऱ्या पडद्यांच्या दुमडी उसवायचीस, आतल्या लोखंडी चकत्या काढून खेळायचीस, आणि मग गिऱ्हाइकाच्या घरी पडदा वाऱ्यावर उडायला लागला की बोलणी मी खायची. या वेळी चकत्यांच्या जागी कागद आहे. घाबरून लपवलेला नाही. तुझ्या खांद्यावरून दुसरं कुणी न डोकावता तुला तो वाचता यावा, एवढंच. न्हाणीघरात जा, गच्चीवर जा, पण एकटी वाच.

आता मुद्द्याचं. रविवारी एक माणूस येईल, त्याला गाडी दाखव आणि चावी देऊन टाक, असा तुझा निरोप फोनवर मिळाला. त्यात ‘आम्हाला वाटतं’ इतक्यांदा आलं की बोलतंय कोण तेच मला कळेना. तर ऐक, गाडी मी विकणार नाही. त्या माणसाला खुशाल येऊ दे. दारातूनच वाटेला लावीन, आणि त्याला वाईट वाटलं तर वाटू दे.

जावईबापूंनी गाडीच्या दुखण्यांची जी जंत्री तुझ्या तोंडून वदवली, ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. जुनी टर्बोची गाडी घेतली की ही सगळी दुखणी आंदण मिळतात. ती ऑइल पिते. पिते तर पिते. मी बॉनेट उघडून पट्टी बुडवून बघते आणि कमी असेल तर वर घालते. तिला साधं ऑइल चालत नाही, महागातलंच लागतं, आणि तेही इतर गाड्यांपेक्षा लवकर बदलावं लागतं. मध्यंतरी इंजिनाला ठिणगी देणारी कॉइल गेली तेव्हा ती भर सिग्नलला लटलट कापायला लागली आणि मागचे सगळे माझ्या नावानं हॉर्न वाजवत राहिले. पाण्याचा पंप गळला, तोही बदलला. उभ्यावरून निघताना गिअर असा हिसका देतो की तुझे बाबा सकाळी अंथरुणातून कण्हत उठायचे त्याचीच आठवण येते. विमावाला तर ‘टर्बो’ शब्द कानावर पडताच खुर्चीत सावरून बसला. हे सगळं मला ठाऊक आहे, आणि याचा खर्च मी लोकांच्या खिडक्या झाकून मिळवलेल्या पैशांतून करते. त्यासाठी कुणाच्या दारात उभी राहिलेली नाही. मग माझ्या गाडीच्या खर्चानं दुसऱ्याच्या पोटात का दुखावं?

‘टर्बो गेलाय, आता ती भंगारातच जाणार’ असंही तू म्हणालीस. ते अर्धवट ऐकलेलं आहे. झालं असं की गाडीचा दम गेला होता. ॲक्सिलरेटर दाबला की नुसता फुसफुस आवाज, आणि पुढे जायचं नाव नाही. आमच्या गॅरेजवाल्याला मी सर्जन म्हणते, कारण त्याला आधी उघडायचं असतं आणि मग विचार करायचा असतो. त्यानं कान लावून ऐकलं आणि नवा टर्बो घालावा लागेल म्हणून सांगून टाकलं. मी म्हटलं, थांबा जरा. हा आवाज मी रोज ऐकते. दुकानातल्या वाफेच्या इस्त्रीची नळी चिरली की अगदी असाच फुसफुसतो. त्याला मी सगळे रबरी पाइप चाचपायला लावले. तो आधी हसला, मग कुरकुरला, आणि शेवटी एका पाइपच्या पोटाखाली बोटभर चीर सापडली. पाइप बदलला आणि गाडी पूर्वीसारखी पळायला लागली. सर्जन त्या दिवसापासून मला ‘बाई’ऐवजी ‘मॅडम’ म्हणतो आणि बिल मात्र तेवढंच लावतो.

आता समोरच्या काकूंचं. त्यांनी तुला फोन करून सांगितलं की तुझी आई संध्याकाळी घरासमोर गाडी उभी करते आणि इंजिन चालू ठेवून आतच बसून राहते, बाबांच्या आठवणीनं रडत असेल बिचारी. त्यावरून तुमच्याकडे ठरलं की आईंचं डोकं ठिकाणावर नाही, त्यांना एकटं ठेवणं बरं नाही, गाडी विकून त्यांना इकडे आणावं. अगं, काकूंना कुणी सांगावं की लांबून किंवा चढ चढून आलेल्या टर्बोच्या गाडीचं इंजिन लगेच बंद करायचं नसतं. आत टर्बो लालबुंद तापलेला असतो. चावी फिरवली की ऑइल जागच्या जागी थांबतं आणि त्या उष्णतेनं आतल्या आत जळतं. म्हणून मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवायचं आणि त्याला निवू द्यायचं. मी गाडीसाठी बसते गं. बसल्याबसल्या कधी बाबा आठवतात, नाही असं नाही, आणि एखाद्या दिवशी डोळेही पुसते. पण ते माझं मी बघेन. जास्त करून मात्र त्या मिनिटात मी तुझाच विचार करत असते.

तुला तुझी स्कूटर आठवते? ती शिकताना तू फाटकावर धडकलीस, गुडघा फुटला, आणि तरी रडण्याआधी उठून आरसा वाकडा झाला का ते बघितलंस. लग्नानंतर ती विकली. ‘मी आहे ना सोडायला, स्कूटर कशाला’ असं जावईबापू म्हणाले, आणि मलाही तेव्हा ते कौतुकाचं वाटलं. मग त्यांनाच सोडायला वेळ होईना, म्हणून तुझी नोकरी सुटली. मग तुझा फोन कायम स्पीकरवर यायला लागला. मागच्या खेपेला मी बसनं आले तर ते स्टँडवर हजर, गाडीत हजर, जेवताना हजर, आणि परत बसमध्ये बसवायलाही हजर. दोघींना दोन शब्द बोलायला कोपरा मिळाला नाही. त्यांनी हात उगारला असता तर मला काय करायचं ते लगेच कळलं असतं. ते नुसते काळजी करतात, आणि त्या काळजीत माझी लेक दिवसेंदिवस हळू बोलायला लागली आहे.

आणि पडदे. मी आयुष्यभर लोकांच्या घरी मापं घ्यायला जाते. कुठल्या खोलीत आजारी माणूस आहे, कुठे नवराबायकोचं बोलणं बंद आहे, ते पडद्यांवरून मला कळतं. तुमच्याकडे भर दुपारी सगळे ओढलेले होते. वर ते मला म्हणाले, आणखी जाड कापडाचे करून द्या, बाहेरचं दिसायला नको. मी माप घेतलं, मान डोलावली, आणि तू स्टुलावर उभी राहून टेपचं दुसरं टोक धरलं होतंस तेव्हा तुझ्याकडे बघत राहिले. आकडा सांगण्याआधी तू दर वेळी त्यांच्याकडे बघत होतीस. अंगावर जखम बिखम नव्हती, म्हणून कुणी विचारलंही नसतं.

त्या खेपेहून परत आले आणि आठवड्याभरात मी ही गाडी घेतली. विकणाऱ्यानं मला तिचा रंग दाखवला, गाणी लावून दाखवली. मी त्याला एकच विचारलं, दोन माणसं आणि एका घरातलं सामान घालून ही न थांबता घाट चढेल का? तो म्हणाला, मावशी, यात टर्बो आहे, चढावर इंजिनाला जोर देतो. टर्बो म्हणजे काय ते मला तेव्हा माहीतही नव्हतं. बाबांच्या जुन्या गाडीनं तुमच्या घाटात दुसऱ्याच वळणावर वाफा सोडल्या असत्या. ही चढते. मी जाऊन बघितलंय, तुमच्या गावाच्या पाटीपर्यंत, आणि पाटीपाशी मिनिटभर थांबून परत आले. तेव्हा पडदे शिवून झाले नव्हते, आत यायला कारण नव्हतं.

आता आहे. हे पत्र फक्त त्यासाठीच आहे. मी एकाच खिडकीचे पडदे पाठवलेत, दुसऱ्या खिडकीचे शनिवारी सकाळी स्वतः घेऊन येते. ते घरी असतील, असू देत. आपण काही चोरी करत नाही, आईच्या गाडीत बसायला कुणाचा दाखला लागत नाही. मी फाटकासमोर गाडी लावीन, पडदे त्यांच्या हातात देईन आणि परत गाडीत जाऊन बसेन. इंजिन चालू असेल. त्यांनी विचारलं तर मी टर्बोचं कारण सांगेन, आणि ते खोटं नसेल. मागची सीट पाडून ठेवली आहे, तुझी शिलाई मशीनसुद्धा मावेल. पुढची सीट मोकळी आहे. यायचं तर ये, जशी असशील तशी, चपला घालायचं राहिलं तरी चालेल. नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नकोस, मी रागावणार नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी तिसऱ्या खिडकीचे पडदे घेऊन येईन आणि त्याच्याही पुढच्या शनिवारी चौथ्या. तुमच्या घराला खिडक्या पुष्कळ आहेत, आणि माझ्याकडे कापड आहे.

तुझीच, फाटकाबाहेर इंजिन चालू ठेवून बसलेली,
आई