बंद ठेवलेलं मागचं दार

हैदराबाद,
१२ ऑगस्ट २००७

तीर्थरूप बाबांना ममताचा वाकून नमस्कार. मी बरी आहे, इथल्या मेसचं जेवण आता सोसतं.

या आठवड्यात कामाला आपली भाईंदरची खाडीच आली. अक्षांश-रेखांशांवर बसवलेल्या नकाशावर आम्ही कॉम्प्युटरमध्ये भरती आणतो आणि पाणी कुठवर जातं ते बघतो. मी नारळी पुनवेचं उधाण आणलं. पाणी मोरव्यातल्या आपल्या घरामागच्या मिठागरात शिरलंच नाही. ते आपल्या ओट्यावर चढलं.

वाटलं, माझाच नकाशा सरकलाय. स्टेशन, देऊळ, तळं जुळवून पाहिलं, सगळं जागच्या जागी. मग उंची पाहिली. जे मिठागर कायम आपल्या घराच्या खाली होतं, ते आता घरापेक्षा पुरुषभर उंच. आमचे इथले सर म्हणाले, "मोजणी नवीन आहे, तुझी आठवण जुनी आहे."

तुम्ही मात्र लिहिता, इकडे सगळं तसंच आहे. आणि त्याच पत्रात लिहिता, डासांमुळे हल्ली मागचं दार बंद ठेवतो. बाबा, डास आपल्याकडे कधी नव्हते? आई त्याच दारात मासळी साफ करायची, ती आता कुठे बसते?

पुनव पंधरवड्यावर आलीय. खरं सांगा, ते दार उघडलं तर समोर मिठागराचं पाणी दिसतं की भरावाची माती?

तुमचीच,
ममता