पाठकोरे कागद

२ डिसेंबर

ठरलं! पुढच्या वर्षी कागद बंद.

सहा वर्षं झाली पॉडकास्टला. दर आठवड्याला एक भाग, विषय एकच – घरातली यंत्रं आणि त्यांच्यापुढे हात टेकलेली माणसं. मोबाइल, पासवर्ड, वाय-फाय, बोलणारे फ्रिज. आणि सहा वर्षं मी प्रत्येक वाक्य आधी लिहिते, प्रिंट काढते आणि कपड्यांच्या कपाटात बसून वाचते. कपाटात, कारण लोंबणारे कोट आणि शर्ट आवाज पिऊन टाकतात. हल्ली ऐकणारे कळवतात – माहिती छान, पण बाई वर्गात धडा वाचतायत असं वाटतं. बाकीचे सगळे मनात येईल ते बोलतात आणि लोक तासन्‌तास ऐकतात. मग मीच का पाटी-पेन्सिल घेऊन बसायचं?

भिंतीवर पाच नवे कार्यक्रम लिहून चिकटवले. बारकीने – माझी लेक, वय चौदा, तोरा चाळिशीचा – त्यातले दोन तासाभरात खोडले. शेजारी ‘कंटाळवाणं’ असा शेराही मारला. उरले तीन. तिन्हींचा एकेक नमुना करायचा, नानांना ऐकवायचा, ते म्हणतील ते खरं. एकतीस तारखेला जाहीर करायचं.

नाना म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइन तपासायचे. कानाला रिसिव्हर लावला की सांगायचे, खरखर खांबावर आहे की गिऱ्हाइकाच्या घरात. माझा प्रत्येक भाग सगळ्यांत आधी तेच ऐकतात आणि रिपोर्ट देतात. भाग चांगला झाला असेल तर दोनच शब्द – ‘लाइन स्वच्छ.’ या दोन शब्दांसाठी मी काय काय खटपटी केल्यात ते माझं मला माहीत.

कागद बंद म्हटल्यावर मात्र ते चष्मा पुसत बसले. म्हणाले, ‘कागद असू दे.’ का, ते सांगितलं नाही. म्हातारपणाचा हट्ट, दुसरं काय.

५ डिसेंबर

पहिला नमुना – ‘पासवर्ड विसरलात?’. जुन्या सवयीने कागदावरून वाचला.

नानांचं ऐकणं बघण्यासारखं असतं. खिडकीजवळची खुर्ची. टोपीवरून हेडफोन. डोळे अर्धवट मिटलेले, उजवा हात गुडघ्यावर. पडद्यावरची पट्टी शेवटाला पोचेपर्यंत जागचे हलत नाहीत. नंतर माझा वाचून झालेला कागदांचा गठ्ठा मागून घेतात, कारण पाठकोऱ्या बाजूवर त्यांना शब्दकोडी आखायची असतात. सहा वर्षांत एक कागद रद्दीत जाऊ दिला नाही माणसाने.

संध्याकाळी रिपोर्ट आला. ‘चार्जरचा किस्सा झकास. शेवट लांबला.’ शेवट लांबलाच होता! पान अर्धं कापलं.

हा – म्हणजे नवरा – म्हणाला, ‘मलाही आवडला की.’ याला सगळंच आवडतं. याच्या मताला काय अर्थ.

८ डिसेंबर

दुपारभर कपाटात एक माशी. बाकी काही नाही.

१० डिसेंबर

केवढी मोठी कल्पना सुचली होती आणि कसा मुखभंग झाला!

भिंतीवरचा तिसरा कार्यक्रम – ‘लाइनवर नाना’. ऐकणाऱ्यांनी फोन करायचा, जुन्या-नव्या यंत्रांबद्दल विचारायचं, नानांनी उत्तर द्यायचं. कागद नाही, तयारी नाही. गॅसची टाकी घेऊन येणाऱ्यालासुद्धा एक्स्चेंजच्या गोष्टी सांगत दारात उभा करतात, त्यांना हे म्हणजे खेळच. जेवताना सांगितलं. त्यांनी पाणी प्यायलं, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘मला नाही जमणार.’ मी म्हटलं, नाना, फक्त गप्पा मारायच्यात. ‘एकदा सांगितलं ना.’ आणि ताट तसंच ठेवून उठले.

इतकी वर्षं झाली, माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. मला फार लागलं. याला सांगितलं तर म्हणतो, मूड नसेल. मूड!

१३ डिसेंबर

हे नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

काल दुसरा नमुना केला, ‘घरात कोण ऐकतंय?’. त्यात नणंदबाईंच्या फ्रिजचा किस्सा होता – त्या फ्रिजशी बोलतात, फ्रिज त्यांना उलट उत्तर देतो आणि त्या त्याच्यावर दोन दिवस रुसून बसतात. वाचताना मलाच हसू आवरेना. पण नंतर वाटलं, त्यांच्या कानावर गेलं तर माझ्याशीही बोलणं बंद. म्हणून तो तुकडा कापला. कागदांवर मात्र तसाच राहिला. गठ्ठा नानांनी या वेळी आधीच उचलला होता.

आज सकाळी नाना चहा घेताना खुदखुदत म्हणाले, ‘फ्रिज रुसला हे बेस्ट. आमच्या कन्येला कळलं तर तुझी धडगत नाही.’ मीही हसले. कप विसळायला घेतले आणि तिसऱ्या कपाला हात थबकले.

तो तुकडा भागात नाहीये.

जाऊन पुन्हा ऐकला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. नाहीच.

१४ डिसेंबर

आता एकेक आठवतंय. घरचा फोन वाजला की ‘तू घे’. टीव्हीवर कायम खाली अक्षरं येणारे कार्यक्रम. टेबलावर जागा अशी की सगळ्यांची तोंडं समोर – ओठांवरून समजून घेतात! पाठीमागून काहीही विचारलं की एकच उत्तर – ‘अर्धा कप.’ मागच्या महिन्यात मी मागून विचारलं, छत्री कुठे ठेवलीत? ‘अर्धा कप.’ आम्ही किती हसलो होतो त्यावर.

खात्री करून घ्यायची म्हणून मनात आलं, आवाज शून्यावर करून एक भाग लावून द्यावा आणि बघावं. हात पुढे गेलासुद्धा. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की स्वयंपाकघरात निघून गेले. तिथे पातेल्यावरचं झाकण पडलं – खरंच हातून निसटलं, शपथ! बारकी दोन खोल्या पलीकडून ओरडली. चार पावलांवर बसलेले नाना कोडं सोडवत राहिले.

आधी राग आला, खोटं कशाला लिहू. मी कोणता भाग ठेवायचा, कोणता टाकायचा, हे या माणसाच्या कानावर ठरवत होते. आणि कानात काही नाही!

मग संध्याकाळी त्यांच्या खोलीत कपडे ठेवायला गेले. कपाटात माझे कागद वर्षावार लावून, दोरीने बांधून ठेवलेले. शब्दकोडी असतील दहा-बारा पानांवर. बाकी सगळ्या पाठी कोऱ्या. पुढच्या बाजूला मात्र समासात बारीक पेन्सिल – ‘इथे श्वास घे.’ ‘हा शब्द दोनदा आलाय.’ ‘इथे ती हसली असणार.’

मी तिथेच पलंगावर बसले. माझं लिहिलेलं इतकं जीव लावून कुणी कधी वाचलं नाही. आणि मी कागद बंद करायला निघाले होते. म्हणजे त्यांना माझ्याकडून जे काही पोचत होतं, ते सगळंच बंद.

१५ डिसेंबर

याला सांगायचं नाही असं ठरवलं. हा दुपारच्या आत डॉक्टर, फाइल, टोकन, सगळं उभं करील आणि नाना मान खाली घालून मागे चालतील. लाइन तपासणारा माणूस. उभा जन्म कानावर काढला. त्याने ही गोष्ट आपणहून सांगितली तर सांगितली, आपण तोंडावर मारायची नाही. बरोबर वागतेय की चूक, माहीत नाही.

कागद मात्र राहणार. वर्गातली बाई तर वर्गातली बाई.

१७ डिसेंबर

आज प्रिंट काढताना अक्षरं मोठी केली. मधेमधे कंसात लिहिलं – ‘इथे हसते’, ‘इथे जरा थांबते’, ‘हे हळू आवाजात’. कुणी विचारलं असतं तर सांगणार होते की माझे डोळे बिघडलेत.

रिपोर्ट – ‘आज आवाज मोकळा लागला.’

कपाटात जाऊन कोटांमध्ये तोंड घालून रडून घेतलं. माइक बंद होता, नशीब.

२१ डिसेंबर

तिसरा कार्यक्रम नव्याने मांडला. फोनबिन काही नाही. ऐकणाऱ्यांनी प्रश्न लिहून पाठवायचे, मी छापून द्यायचे, नानांनी प्रश्न स्वतः मोठ्याने वाचायचा आणि उत्तर द्यायचं. मी कुठेच नाही. नाव – ‘नाना, पत्र आलंय’.

खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसले आणि सांगितलं की फोनवर लोक एकमेकांचं बोलणं तोडतात, मला तो गोंधळ नकोच. लिहिलेलं कसं, ठाम असतं. नाना माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं पकडले गेले. मग म्हणाले, ‘प्रश्न छापूनच दे. तुझं अक्षर म्हणजे तुटलेल्या तारांचं भेंडोळं.’

म्हणजे हो!! बारकीने भिंतीवर त्या नावापुढे बरोबरची खूण केली. तिची खूण म्हणजे काय, हे फक्त मलाच ठाऊक.

२७ डिसेंबर

नमुना झाला. नाना इस्त्रीचा शर्ट घालून कपाटात शिरले. बसण्याआधी माइकची वायर दोन टोकांना दाबून बघितली, लाल दिवा लागतो का ते विचारलं. मी समोर बसून सांगितलं, लाल म्हणजे चालू.

एका मुलीचा प्रश्न होता – आजीकडच्या जुन्या फोनला चार्जर का नव्हता? नानांनी प्रश्न वाचला, कागद मांडीवर ठेवला आणि सुटलेच. फोनला लागणारी वीज तारेतूनच यायची. एक्स्चेंजमध्ये एक अख्खी खोली बॅटऱ्यांनी भरलेली. गावाचे दिवे गेले तरी फोन जिवंत. ‘तुम्ही अंधारात बोलत बसायचात, बाळ, आणि आम्ही तिकडे तुमच्यासाठी जागे असायचो.’ मी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. शर्ट नवऱ्याचा.

इतक्या मोठ्याने बोलत होते की आवाज मोजणारा काटा सारखा लाल रेघेपलीकडे. आवाज कमी करा असं सांगितलं नाही, गुपचूप यंत्रच कमी केलं.

शेवटी नेहमीचं काम. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. ती तीस सेकंद टिपून ठेवायची, म्हणजे कापाकापीत पडलेली भोकं तिने बुजवता येतात. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं – ‘आता तीस सेकंद गप्प’ – आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी मान हलवली. तेवढ्यात दाराची बेल. पार्सलवाला. सही करून परत आले तर नाना हाताची घडी घालून बसलेले, शहाण्या मुलासारखे. मी यंत्र बंद केलं.

२९ डिसेंबर

याने पहिली पाच मिनिटं ऐकली. म्हणाला, ‘नाना एवढे ओरडतायत का?’ मी म्हटलं, माइक लांब होता. तो म्हणाला, ‘हं.’ मग उठून नानांच्या समोर जाऊन बसला आणि नेहमीपेक्षा हळू, तोंड नीट उघडून विचारलं, चहा घेणार का.

३१ डिसेंबर

सकाळी नमुना साफ करायला घेतला. शेवटची तीस सेकंद. पडद्यावर सपाट रेघ हवी होती. नव्हती.

‘सूनबाई, दिवा लाल आहे, म्हणजे चालू आहे. सव्वा वर्ष झालं. डॉक्टरला एकटाच दाखवून आलो, कानात यंत्रही लावून पाहिलं. नुसती खरखर. अक्षरं मोठी केलीस तेव्हाच समजलो, तुला कळलंय. मी वाचतो तेव्हा तुझा आवाज येतो अजून. पण थांबलो तर विसरेन अशी भीती वाटते. तेवढं कागदाचं बघ.’

खिडकीजवळच्या खुर्चीत बसून, डोळे मिटून, तीनदा ऐकलं. मग एक पाठकोरा कागद घेतला, रिपोर्ट लिहिला आणि त्यांच्या चष्म्याखाली ठेवून आले. दोन शब्द. मोठ्या अक्षरात.