ळ शिकवल्याबद्दल

सर, तक्रार गंभीर आहे, म्हणून आधी तीच मांडतो. इथे जळगावात एक चित्रपट मंडळ आहे. परवा त्यांनी एक जुन्या काळातला अमेरिकी सिनेमा दाखवला आणि बाहेरच्या फलकावर 'गौरवर्णीय' हा शब्द रफाराशिवाय छापला. 'गौरवणीय म्हणून जगलेल्या एका कृष्णवर्णीयाची कथा.' दोघे-तिघे तर कुणाचा तरी सत्कार आहे असं समजून आत आले असावेत. मी कार्यकर्त्याला बाजूला घेऊन सांगितलं की, बाबा रे, वर्णावरचा रफार काढलास तर खाली नुसता वण उरतो. तो म्हणाला, "लोकांना कळतंय ना सर, मग झालं तर." तुम्ही असता तर त्याला वहीभर लिहायला लावलं असतंत. मी नुसता उसासा टाकला आणि तिकीट फाडून घेतलं. तुमच्या शिष्यांची प्रत किती घसरली आहे, हे यावरून लक्षात यावं.

सिनेमाला मला नेलं ते माझ्या एका वर्गमित्राने. तो म्हणजे आपल्या धुळ्याच्या शाळेतला शेवटच्या बाकावरचा, ज्याला 'केळी' म्हणायला शिकवता शिकवता तुम्ही थकलात. आता तो इथे केळीचाच व्यापार करतो आणि अजून 'केयी'च म्हणतो. त्यामुळे भाव कमी आलेला ऐकिवात नाही. मी कॉलेजात संस्कृत शिकवतो आणि शुद्ध बोलतो. त्यामुळे माझाही भाव वाढलेला नाही. "चाल रे, हॉलमा एसी शे," एवढं एकच कारण त्याने सिनेमाला यायला दिलं. मे महिन्यातल्या जळगावात याहून सबळ कारण कुणाला सुचणार नाही.

कथा साधी आहे. एका कृष्णवर्णीय घरातला मुलगा रंगाने इतका उजळ निघतो की परगावी जाऊन गोरा म्हणून नोकरीला लागतो. रेल्वेच्या तिकीटखिडकीवर. गोऱ्यांची खिडकी वेगळी, काळ्यांची वेगळी, आत बसलेला माणूस मात्र एकच. तो बोलणं बदलतो, हसणं बदलतो, भूक लागली तरी घरचं काही खात नाही. मग एके दिवशी काळ्यांच्या खिडकीपाशी त्याची आई उभी राहते. ती त्याच्याकडे बघते, 'साहेब' म्हणते, तिकीट घेते आणि निघून जाते. आमचा व्यापारी माझ्या कानाशी लागला. "त्यानी माय शे ना ती?" मी हो म्हटलं. "मंग वयख का बरं नई दावस?" मी म्हटलं, ओळख दाखवली तर त्याची नोकरी जाईल. थोड्या वेळाने पाहतो तर एसीसाठी आलेला हा माणूस उपरण्याने डोळे पुसतो आहे. माझे डोळे कोरडे. तिथेही त्याने मला मागे टाकलं.

मागे टाकण्याची त्याची सवय जुनी आहे. तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे, पण मी तो तास अजून बसल्या बसल्या पाहू शकतो. तुम्ही फळ्यापाशी उभे आहात, हातात खडू. "म्हण, काळा." तो म्हणतो, "काया." "फळा." "फया." "अरे, काया म्हणजे शरीर!" तुम्ही कपाळावर हात मारता. आणि तो अगदी निरागसपणे म्हणतो, "मनी काया कायीच शे, सर." आधी वर्ग हसतो, मग तुम्ही. चष्मा काढून, डोळे पुसून हसता. माझ्यामुळे तुम्ही असे कधी हसला नाहीत. माझ्या वाट्याला तुमची मान आली, किंचित हलणारी, संमतीची. षड्रिपूंची यादी तुम्ही पाठ करून घेतली होती तेव्हा मत्सर शेवटी येई. माझ्याकडे तो त्या तासाला सगळ्यांच्या आधी आला आणि बाकीच्या पाचांना त्याने फारशी जागाच ठेवली नाही. त्याला तुम्ही सोडून दिलंत. "बस खाली, तुझ्याने होणार नाही." मला वाटलं, बिचारा. आता वाटतं, काय भाग्य घेऊन आला होता.

कारण मला तुम्ही सोडलं नाहीत. तुमच्याच घरी राहून मी शिकत होतो. आई नरडाण्यापलीकडच्या आमच्या गावाहून कधीमधी भेटायला येई. एकदा ती फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून आली. काकूंनी तिला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, चहा दिला. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुना डोया कितला खोल गयात रे!" तुम्ही दारात उभे होता. रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं, ती विसरून तरी गेली असती. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "बाई, मुलगा हुशार आहे. याच्याशी आहे-नाहीमध्ये बोलत जा. शे-नै करत राहिलात तर हा इकडचाही राहायचा नाही आणि तिकडचाही." तिने पदर सावरला आणि मान डोलावली. तुम्ही ठेच्याचं कौतुक केलंत. तुमच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

सर, माझ्या आईसारखी विद्यार्थिनी तुम्हाला जन्मात मिळाली नसेल. तिने कुणाला न विचारता नियम बसवला: आपण जिथे जिथे य म्हणतो, तिथे तिथे ळ म्हणायचा. पुढच्या सुट्टीत मी घरी गेलो तर दारातच म्हणाली, "पाळ धुवून घ्या." पाय म्हणायचे होते तिला. दुधावरची साय वाढताना तिने 'साळ' वाढली. गोठ्यातल्या गायीची 'गाळ' झाली. निघताना डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "देव दळा करो." मी गाडीत बसून हसलो होतो, तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं. आणखी एक गोष्ट बरीच उशिरा माझ्या ध्यानात आली. आहे-नाही तिने ऐकलं होतं ते काकूंच्या तोंडून, पाहुण्यांना चहा देताना. म्हणजे ती शिकली तीही पाहुण्यांचीच भाषा. बसा, घ्या, जेवण झालं का आपलं. त्या दिवसापासून मला तिने 'रे' म्हटलेलं नाही. गल्लीतल्या सगळ्या पोरांना म्हणे. मी असलो की थांबून, शब्द निवडून, 'घ्या'.

आणि गंमत पाहा, ज्या ळसाठी हे सगळं झालं तो तुमच्या लाडक्या संस्कृतात नाहीच. वेदात होता, पुढे पंडितांनी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. वर्गात मी हे दरवर्षी सांगतो, मुलं हसतात. तुम्हाला सांगायचं राहून गेलं. मी नोकरीला लागलो त्या साली तुम्ही गेलात, नाहीतर यावर तुम्ही काय उत्तर दिलं असतंत ते ऐकायला मला फार आवडलं असतं.

असो. सिनेमा सुटल्यावर आमचा व्यापारी घरी चहाला आला. आई गेली काही वर्षं माझ्याकडेच असते. आता ती माणसं विसरते. तो आत पाऊल ठेवतो न ठेवतो तोच ती पलंगावर उठून बसली. "ये रे भाऊ, बठ! कोठे व्हता इतला दिन?" तो तिच्या पायाशी जमिनीवर बसला. "आठेच शे ना माय, कोठे जासू?" मग दोघांचं जे सुरू झालं! कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाची म्हैस कुणाच्या शेतात शिरली, कुणाच्या लग्नात वरमाय रुसली. ती हसत होती. माझ्या घरात ती हसते हे माझ्या बायकोने पहिल्यांदा पाहिलं. मी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. तिने बोट दाखवून त्याला विचारलं, "हाऊ सायेब कोन शे?"

"माय, तुना पोऱ्या शे तो. तुना!"

"नै रे. मना पोऱ्या मोठा मानूस व्हई गया. त्याले आठे बलावू नको." एवढं बोलून ती माझ्याकडे वळली, पदर सावरला आणि म्हणाली, "आपण बसा. चहा घ्या."

त्याने मान खाली घातली. माझ्यावर उपकार म्हणूनच घातली असणार, आणि नेमका तो उपकार मला सोसला नाही. त्याला दारापर्यंत सोडायला मी गेलो नाही. कशाचा हेवा करावा याला काही मर्यादा असावी, सर. हा माणूस गाडी घेऊन फिरतो, मजल्यावर मजले चढवतो, त्याबद्दल मला कधी काही वाटलं नाही. पण ते 'रे'? ते माझं होतं. मला पहिल्या बाकावर बसवून तुम्ही ते शेवटच्या बाकावर देऊन टाकलंत, आणि देताय हे तुम्हाला माहीतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बाजारात गेलेली पाहून मी आईच्या पलंगाशी जमिनीवर बसलो. त्याच्यासारखाच. घसा साफ करून म्हणालो, "माय, मी शे. तुना पोऱ्या." एवढी तयारी मी विद्यापीठातल्या व्याख्यानालाही केली नव्हती. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिच्या चेहऱ्यावर एक हसू आलं, बाहेरगावच्या अधिकाऱ्याने आपल्या बोलीत दोन शब्द बोलून दाखवले की आपण हसतो ना, तसं. म्हणाली, "साहेब, आमचं बोलणं आपण छान बोलतात."

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. पोस्टाची अडचण बाजूला ठेवली तरी तुम्ही लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवाल, ही भीती या वयातही जात नाही. शिवाय मला तुमच्यावर रागवायचं होतं आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की रागवायलाही माझ्याकडे तुम्ही शिकवलेलीच भाषा आहे.

डॉक्टर म्हणतात, विसरण्याचा आजार आहे, मनाला लावून घेऊ नका. मलाही तसंच मानायला आवडेल. पण त्याच्याशी बोलताना ती काही विसरत नाही; म्हशीचं नाव नाही, वरमायेचं माहेर नाही, आपल्याला एक पोऱ्या आहे हेही नाही. रात्री मी तिला पांघरूण घालतो, ती 'आपण झोपा आता' म्हणते, आणि मी दिवा मालवून तिथेच थोडा वेळ उभा राहतो. ती मला विसरली आहे, की अजून तुमचं ऐकते आहे, हे मला कळत नाही, सर.