नवव्या प्रकरणातल्या आठ ओळी

३ ऑक्टोबर, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारीच मिळालं. खोकला गेला, चष्म्याचा नंबर तेवढा वाढलाय. तू विचारलंस म्हणून सांगतो, जेवतो वेळेवर. म्हणजे जेवतो असं समज.

तू वीस तारखेला कायमची राहायला येणार म्हणून मागची खोली रिकामी केली. फ्लाय बांधायचं माझं टेबल पुढच्या खोलीत ओढलं. शिकंजा, दोऱ्यांची रिळं, गळांच्या डब्या, सगळा पसारा आता तिथेच. पिसं मात्र घरभर उडतात, तुला शिंका येणार. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तुझ्या खिडकीला निळा पडदा शिवून दिलाय. चार वेळा विचारून गेल्या, "नक्की येणार ना ताई? तुमच्या घराला जरा घरपण येईल हो." मी हो म्हणतो आणि दार लावून घेतो.

प्रकाशकांचा फोन आला होता. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची म्हणतात. गळाला पिसं आणि दोरा बांधून फ्लाय, म्हणजे खोटी माशी, करायची आणि तिच्यावर समुद्रातले मासे धरायचे, असल्या उद्योगावरचं पुस्तक कुणी विकत घेईल असं आपल्या घरात कुणाला वाटलं होतं? बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, "हा दिवसभर माश्या मारत बसतो." आणि भाऊजी गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "मारत नाही हो, बांधतो." त्यांनी माझी बाजू घेतली नसती तर ते पुस्तक झालंच नसतं. मजकूर माझा, पण चाळीस चित्रं त्यांची. तीही अशा माणसाची, ज्याने तोवर एकदाही पाण्यात गळ टाकला नव्हता!

नवी आवृत्ती त्यांना अर्पण कर, असं तू लिहिलंस. करायलाच हवी. काल तासभर कागद पुढे घेऊन बसलो होतो. जमलं नाही.

तुझ्या पत्राचं शेवटचं पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या दिवशी सकाळी तू त्यांना म्हणालीस, "निवृत्त झाल्यापासून नुसते माझ्या पायात पायात येता. एवढं पुस्तक चितारलंत, जा, एक मासा तरी धरून आणा." आणि ते खरंच गेले. "मीच पाठवलं रे त्यांना," असं लिहिलंयस. सात महिने हेच भिंतीला सांगतेस म्हणतेस. ताई, असलं काही मनात आणू नकोस. माणसाची वेळ आली की कुणाच्या बोलण्याने

१० ऑक्टोबर, सकाळ

वाक्य पुरं करत नाही. लिहिलं त्याच दिवशी पत्र तसंच घडी घालून टपालपेटीपर्यंत गेलो आणि खिशात घेऊन परत आलो. तुला धीर द्यायला निघालो होतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्यातलीच ही एक.

आता सरळ लिहितो. मध्येच थांबून काही समजुतीचं बोलणार नाही.

भाऊजी बुडाले त्याच वाळूच्या पट्टीवर पुस्तकाचं नववं प्रकरण आहे. ओहोटीला ती उघडी पडते आणि तिच्यावरून चालत समुद्रात अर्ध्या मैलापर्यंत जाता येतं. मी वीस वर्षं तिथे जातोय. तिथे एक गोष्ट ठाऊक असावी लागते. पट्टी आणि किनारा यांच्यामध्ये एक चर आहे. भरती लागली की तो आधी भरतो. समोर पाणी घोट्याएवढं दिसत असतं, माणूस निवांत उभा असतो, आणि त्याच्या पाठीमागे परतीची वाट छातीएवढी खोल झालेली असते. म्हणून तिथे समोरचं पाणी बघायचं नाही, घड्याळ बघायचं, आणि भरती लागायच्या अर्धा तास आधी चर ओलांडून किनाऱ्यावर यायचं. हे मी लिहिलं होतं. आठ ओळी होत्या.

प्रुफं आली तेव्हा त्या पानावरचा मजकूर बरोब्बर आठ ओळींनी जास्त झाला. समोरच्या पानावर मी स्वतः शोधलेल्या फ्लायचं चित्र होतं, आणि ती कशी बांधायची ते त्याच्या खाली. भाऊजींनी ते मूळ आकाराचं काढलं होतं, वाचणाऱ्याने आपला गळ त्या चित्रावर ठेवून माप जुळवावं म्हणून. जुळणीवाला म्हणाला, "चित्र लहान करा, नाहीतर मजकूर कापा." भाऊजी शेजारीच बसले होते. म्हणाले, "कर रे लहान, माझं काय जातंय?" पण ती फ्लाय माझी होती. इतक्या वर्षांत माझ्या नावाची म्हणावी अशी एवढीच वस्तू. मी मजकूर कापला. पट्टीवर जाणाऱ्याला चर ठाऊक असतोच, असं मनाशी म्हटलं आणि त्याच आठ ओळींवर काट मारली. "काय गाळलंस?" त्यांनी विचारलं. "काही नाही," मी म्हटलं, "उगाच पाल्हाळ होतं."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा भरवसाच तसा होता.

आता दुसरं. त्या संध्याकाळी मी तुला सांगितलं की त्यांच्या खिशात फक्त चष्मा सापडला. ते खोटं होतं. कोटाच्या आतल्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक होतं. हवालदारांनी ते माझ्या हातात दिलं आणि तुझ्यापर्यंत पोचू नये म्हणून मी ते लपवलं. पिशवीची गाठ पक्की होती, त्यामुळे कडा सोडल्या तर पान न् पान कोरडं राहिलंय. नवव्या प्रकरणात प्रत्येक सूचनेपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण आहे. पोरांच्या वह्या तपासताना करायचे तशी, शेपूट वर गेलेली. 'ओहोटी लागल्यावर दीड तासाने निघावे.' खूण. 'पायात बूट ठेवावेत, शिंपल्यांनी तळवे कापतात.' खूण. 'पट्टीच्या टोकाशी वारा पाठीवर घेऊन उभे राहावे.' खूण. 'मासा लागेपर्यंत तिथे धीराने थांबावे.' खूण.

'मग आल्या वाटेने परत फिरावे.' याच्यापुढे काही नाही.

तू त्यांना मासा आणायला पाठवलंस. मृत्यूच्या तोंडी मी पाठवलं. सगळे म्हणाले, पोहता येत नव्हतं, वय झालं होतं, अंदाज चुकला. मी तिथेच उभा होतो, आणि मीही हो म्हटलं. अंदाज त्यांचा नव्हताच. मी सांगितलं तसं ते वागले. एकेक सूचना वाचून, तपासून, जन्मभर वागले तसे नीट. आणि तू सात महिने स्वतःला दोष देत होतीस आणि मी तुला तो घेऊ देत होतो. हे मला चित्र वाचवण्याहूनही नीच वाटतं.

अजून एक राहिलं. त्यांना ज्या होडीवाल्याने बाहेर काढलं, तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्यांच्या खांद्याच्या पिशवीत मासा होता. चांगला हातभर. ओल्या फडक्यात गुंडाळलेला. काय करू त्याचं?" मी म्हटलं, टाकून दे. ताई, त्यांनी मासा धरला होता. स्वतः बांधलेल्या फ्लायवर, पहिल्याच खेपेला. आणि घरी आणायला निघाले होते. हे तुला त्याच दिवशी कळायला हवं होतं. तेही मी तुझ्याकडून चोरलं.

दुसरी आवृत्ती मी नको म्हणून कळवलं. प्रकाशक म्हणाले, "अहो, नववं प्रकरण तर लोकांना सगळ्यात आवडलंय!" तेव्हा मी त्यांना फोनवरच सगळं सांगितलं. मग म्हणाले, शिल्लक प्रती पाठवतो, तुम्हीच काय ते करा. चार खोकी आलीयत. त्या आठ ओळींची चिठ्ठी छापून एकेका प्रतीत डकवतोय. पण विकल्या गेल्या त्यांचं काय करू? मागच्याच आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं, येत्या अमावास्येच्या ओहोटीला तो पट्टीवर जाणार आहे. त्याला तार केली, पत्र टाकलं, अजून उत्तर नाही. असे किती असतील आणि कुठे असतील, मला ठाऊक नाही. रोज पेपर आला की आधी कुणी बुडाल्याची बातमी शोधतो.

क्षमा मागत नाही. मागायची तर त्यांच्याकडे मागायला हवी, आणि ती सोय मीच ठेवली नाही. तुझ्याकडे मागितली तर तू देशील, कारण मला वाढवलंस तूच. असं मोठेपणाचं देणं नको देऊस. एवढंच कर, त्या सकाळी बोललीस ते बोलणं आता मनातून काढून टाक. नवराबायको बोलतात तसलंच ते होतं.

पुस्तक या पाकिटात नाही. टपालात गहाळ झालं तर, या भीतीने ठेवून घेतलंय. तू मागशील तेव्हा आणून देईन, दारातूनच.

वीस तारखेला मी स्टेशनवर येईन. तू त्या गाडीने येणार नाहीस हे मला कळतं आणि तू येऊ नयेस हेच बरोबर आहे. तरी येईन. घरी बसवणार नाही म्हणून. शेवटचा माणूस उतरून गेला की परत फिरेन. शिंपीणबाईंना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

'तुझा' लिहायचा धीर होत नाही.

बारक्या