मागं कोण बसतं?

मंगळवार, दिवेलागणीला

गाडीचा मागचा टायर पार गुळगुळीत झालाय. आज वडीगोद्रीला टायरच्या दुकानात गेल्तो. जुन्या टायरवरचा नंबर वाचला आणि तसाच मागितला. दुकानदार खाली बसला, घासून पांढरं पडलेलं चेन कव्हर दाखवलं अन् म्हणाला, "हा रुंद टायर कंपनीचा न्हाई, कोणीतरी नंतर टाकलाय. साइज गाडीच्या स्टिकरवरचीच घ्या. वजन राहत असंल तं त्याच साइजमध्ये मजबूत टायर देतो. मागं कोण बसतं?"

"कोणी न्हाई."

इतक्या जल्दी कसं म्हणालो मी?

साधा टायर बाजूला काढून ठेवायला सांगितलं आणि घरी आलो. दादांवर, म्हंजी वडलांवर, चिडल्तो, गाडी आधी त्यांचीच ना. "चुकीचा टायर टाकला तुम्ही. कव्हर घासून गेलं पार."

दादा म्हणाले, "मागं बसली की तुझ्या आईची कंबर धरायची. रुंद टायरनं गचके कमी बसतील वाटलं. घासू दे म्हणलं कव्हर."

मंग दुकानातलं सगळं सांगून टाकलं, ते 'कोणी न्हाई'सुद्धा. आत आई भाकरी थापत होती. थापणं थांबवून ती म्हणाली,

"कोणी बसवलं तं बसंल ना."

गाडी माझ्याकडे येऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत आई एकदाही मागं बसली नाही. मी विचारलंच कुठं? ते पांढरं पडलेलं कव्हर डोळ्यापुढून जाईना.

उद्या साइज स्टिकरवरचीच घ्यायची. उत्तर तेवढं बदलून सांगायचं.