वडाळीच्या तळ्यावरचा स्टिरिओ

रवि. १ मार्च १९६४

डॉक्टर येऊन गेले. सौ.ला नीट तपासलं. बाहेर ओट्यावर मला म्हणाले, वकीलसाहेब, आता पथ्यबिथ्य सोडा. त्यांना आवडेल ते खाऊ द्या, आवडेल ते करा. म्हणजे सुधारणा आहे! हिवाळाभर अळणी खाल्लं बिचारीनं. गोदाताई (सौ.ची थोरली बहीण, अंजनगावहून सेवेला आलेली) हे ऐकून स्वयंपाकघरात जाऊन रडत बसली. बायकांना आनंदसुद्धा पचत नाही.

सौ.ला विचारलं, बोल, काय आवडेल? म्हणाली, तुमच्या त्या बोटीत एकदा बसवा. खरंच की. मोटरबोट लिलावात घेतली, वडाळीच्या तळ्यावर बांधून ठेवली, हिला काही बसवलं नाही. उद्याच जाऊ, म्हणालो.

दुपारी विचार केला. नुसतं बसून काय करायचं? तिला गाण्याचा केवढा नाद! बोटीवर रेकॉर्डीचा बाजा बसवतो. आठवड्याचं काम.

रवि. ८ मार्च

मंडपवाल्याचा भोंगा बांधून ट्रायल घेतली. इंजिन सुरू केलं की गाणं ऐकू येत नाही. गाणं मोठं केलं की काठावर माणसं जमून विचारतात, सभा कोणाची? बोट राखणारा नत्थुजी (राखतो म्हणजे बोटीत झोपतो) म्हणाला, साहेब, बाई इलेक्शनले उभ्या राहून राहिल्या काय?

भोंगा परत. सौ. म्हणाली, गाणं राहू द्या हो, तुम्ही बसा जवळ. बसलो. पण डोक्यात वायरिंग चालू होतं.

गुरु. १९ मार्च

क्लबात विलायती मासिक चाळलं. सापडलं! स्टिरिओ! एक भोंगा डावीकडे, एक उजवीकडे. सतार इकडून, तबला तिकडून. मध्ये बसणाऱ्याला वाटतं, वाजवणारे समोरच मांडी घालून बसलेत. अख्ख्या वऱ्हाडात कोणाच्या बोटीवर नसेल. बापूसाहेब (माझे जुने वकील मित्र) म्हणाले, तुझ्या बोटीत दोन माणसं मावतात. भोंग्यांच्या दोन पेट्या, बाजा आणि बॅटरी चढली की तुम्ही नवराबायको काठावरून ऐका. पोटदुखी, दुसरं काय!

सोम. ६ एप्रिल

आज अकोला. कापसाचे दलाल खुशालराव यांच्या मेहुण्यानं आफ्रिकेतून स्टिरिओ आणलाय, तो विकायचा आहे. वाजवून दाखवला. अहाहा! खुशालरावांनी विचारलं, वहिनी कशा आहेत? म्हटलं, फर्स्टक्लास. डॉक्टरांनी पथ्यसुद्धा सोडायला सांगितलं. त्यांनी आपणहून भाव उतरवला. माझं बार्गेनिंग अजून शाबूत आहे.

घरी आलो तर सौ. झोपलेली. गोदाताई म्हणाली, आज कॉटवरून उतरलीच नाही. उन्हाळाच तसा आहे यंदा.

रवि. १९ एप्रिल

सुतारानं सागवानी पेट्या दिल्या. देखण्या! पण डावी जड झाली आणि बोट कलली. उजवीकडे नत्थुजीला बसवलं, बॅलन्स झाला. मग लक्षात आलं, तिथं सौ. बसायची आहे. पेटी तासायला परत दिली. संकल्प: अक्षय्य तृतीयेला प्रोग्राम. आता मागेपुढे नाही.

सौ. म्हणाली, जशी आहे तशी चालेल हो, पाणी आहे तोवर जाऊन येऊ. म्हणालो, तळं काय पळून चाललंय? हसली. तिला हसतं ठेवणं हेच खरं औषध.

रवि. ३ मे

घात झाला. उन्हानं बोटीतल्या रेकॉर्डी पापडासारख्या वाकल्या. नव्या मागवाव्या लागणार. बाजाला गारवा पाहिजे. घरी येऊन सौ.च्या खिडकीची वाळ्याची ताटी उतरवली, मापासाठी. दोन दिवसांचाच प्रश्न. गोदाताई दारात आडवी. म्हणाली, कमलाकांतराव, तुमाले काही समजून राहिलं का नाही? तिचा गारवा काढून बाजाले लावता? म्हटलं, हे सगळं चाललंय कोणासाठी? आतून सौ. म्हणाली, ताई, नेऊ दे त्यांना.

पाहा! ती मला ओळखते. संध्याकाळी तिला उलट्या झाल्या. उसाचा रस बाधला असेल.

गुरु. १४ मे, अक्षय्य तृतीया

सगळं तयार होतं. गोदाताईनं सौ.ला नवं पातळ नेसवलं. टांग्यात उचलूनच बसवावं लागलं. कापसाच्या पेळूएवढं वजन राहिलंय. तळ्यावर पोचलो.

बोट चिखलात रुतलेली. पाणी पार मध्यावर गेलेलं. अलीकडे पोरांनी स्टंप ठोकून क्रिकेट मांडलेलं. दर मे महिन्यात आटतं, लहानपणापासून पाहतोय. पण मी महिनाभर बोटीत वाकून वायरी जोडत होतो, मान वर करून पाहिलंच नाही. नत्थुजीवर ओरडलो. म्हणाला, मले वाटलं साहेबाले बाजाच वाजवाचा हाय, पान्याचं काय काम?

सौ. म्हणाली, आलोच आहोत तर काठावर बसू थोडं. म्हणालो, नको, ऊन लागेल. पावसाळ्यात तळं भरलं की झकास प्रोग्राम करू. बरं, म्हणाली. वाटेत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. सामान काढताना बाजाची पिन मोडली, ते वेगळंच.

शनि. २३ मे

पिन अमरावतीत कुठंच नाही. सौ. फारशी बोलत नाही. बापूसाहेब आले, तिच्याजवळ बराच वेळ बसले. जाताना मला म्हणाले, लेका, कोर्टाला सुटी आहे. घरात बस.

बसवत नाही. त्या खोलीत गेलं की ती माझ्याकडे पाहत राहते. मला काय बोलावं सुचत नाही. पिनेचं सुचतं.

सोम. २५ मे, सकाळी, बडनेरा स्टेशन

अकोल्याची गाडी लेट. निघताना सौ.नं हात धरला. आज नका जाऊ, म्हणाली. म्हटलं, हा गेलो नि हा आलो. पिन आणली की सिस्टिम पूर्ण. गोदाताई दारात उभी राहून बघत होती. घरात बाजा लावला तरी काय वाईट? आज संध्याकाळी कॉटच्या दोन्ही बाजूंना पेट्या ठेवतो. हे आधी कसं सुचलं नाही!

शनि. ६ जून

विमल त्या सोमवारी दुपारी गेली. मी अकोल्यात दुकानात होतो. पिन मिळाली होती.

आज तेरावं झालं. पाहुणे गेले. गोदाताई उद्या अंजनगावला निघते. इतके दिवस ती मला एका शब्दानं बोलली नव्हती. तिचं गाठोडं बांधून झाल्यावर मीच विचारलं, शेवटी काही म्हणाली का?

गोदाताई म्हणाली, शुद्धीवर होती. इचारे, हे कुठी गेले? मी म्हटलं, अकोल्याले. काहून, म्हणे. मले सांगता नाही आलं. तुमीच सांगा कमलाकांतराव, काहून गेले होते?

मी म्हणालो, पिन आणायला.

तिनं नुसती मान हलवली. मग मला रडू आलं.