झाडाला नेसवलेली साडी

आई, आज सकाळी परत दव गोठलं. लॉन मीठ सांडल्यासारखं पांढरं झालं होतं आणि कोपऱ्यात ते हायड्रेंजियाचं झाड उभं होतं, वाळलेले तुरे डोक्यावर घेऊन. तुला ते तसंच आठवत असेल, कारण फुललेलं तू कधी पाहिलंच नाहीस. तू आलीस जूनमध्ये, इथे वेलिंग्टनजवळ, अप्पर हटला थंडीला नुकती सुरुवात होत होती तेव्हा. खरं तर तू मला परत न्यायला आली होतीस. माझं लग्न मोडून वर्ष होत आलं होतं, एवढ्या घरात मी एकटीच होते. विमानतळावर मला नीट न्याहाळून तू फक्त म्हणालीस, "हाडं दिसतायत." न्यायला आलेय हे मात्र कितीतरी दिवस बोलली नाहीस. आधी स्वयंपाकघराचा ताबा घेतलास, माझे डबे तुझ्या पद्धतीने लावलेस, आणि मग खिडकीतून तुझी नजर त्या झाडावर गेली. "हे मेलंय का गं?" मी म्हटलं, झोपलंय, जानेवारीत उन्हाळा आला की फुलेल. "जानेवारीत उन्हाळा!" असं म्हणून तू जे तोंड केलंस, ते पाहून वाटावं की ही सोय मीच करून ठेवली होती.

नवरा घर सोडून गेला त्या वर्षी मी ते लावलं होतं. हौसेने लावलेला मोगरा पहिल्याच थंडीत गेला होता, म्हणून नर्सरीत सरळ सांगितलं, काहीही केलं तरी मरणार नाही असं झाड द्या. लोकांच्या अंगणात गोल गेंदांची हायड्रेंजिया असतात, त्यांच्या कळ्या गारठ्याने काळ्या पडतात. याचं तसं नाही. याला फुलं येतात ती त्या वर्षीच्या नव्या फांद्यांवर, लांब निमुळत्या तुऱ्यांनी. आधी पांढरी, मग गुलाबी, आणि शेवटी तपकिरी होऊन थंडीभर तशीच राहतात. तू त्यांना जोंधळ्याची कणसं म्हणायचीस. तुझा काही विश्वास बसला नव्हता, पण त्या संध्याकाळी तू तुझी जुनी सुती साडी काढलीस, हिरवी, तांबड्या काठांची, धुऊन धुऊन मऊ झालेली, आणि झाडाला गुंडाळलीस. सकाळी सोडायची, दोरीवर वाळत घालायची, दिवस कलला की परत नेसवायची. मी वेलिंग्टनहून ट्रेनने येते, स्टेशनवरून अंधारत असताना चालत घर गाठते, तर अंगणात कोपऱ्यात हिरव्या साडीतली एक बाई उभी. पहिल्या दिवशी माझी बोबडीच वळली.

शेजारचे आजोबा, ऐन थंडीतही हाफ पँटमध्ये वावरणारे, कुंपणावर रेलून हसायला लागले. "टेल युअर मम, डोन्ट बॉदर. टफ अ‍ॅज, दॅट वन. लव्ह्ज द कोल्ड." मी तुला सांगितलं, म्हणतायत की हे झाड दणकट आहे, याला थंडी आवडते. तू गाठ घट्ट केलीस. "आवडते म्हणे! सोसतं म्हणून आवडतं, असं कोणी सांगितलं यांना?" हे बोलताना तू झाडाकडे बघत नव्हतीस. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत सटकले.

ऑगस्ट संपता संपता मी छाटणीची कात्री घेऊन गेले, तर तू मध्ये उभी. "आधीच गारठलंय, त्यात कात्री?" मी समजावून सांगते आहे की जुनं कापलं तर नवे धुमारे जोमदार येतात, तुरे मोठे येतात. तू म्हणालीस, "हो, तोडायला तू कायम तयार." मी सगळ्या फांद्या छाटल्या, तू तोंडावर पदर धरून बघत राहिलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ताटलीत उपमा वाढताना म्हणालीस, "चल माझ्याबरोबर पुण्याला. बाबा गेल्यापासून मीही एकटीच आहे. दोघी राहू." तेव्हा मी ते बोलले. "मी मजेत आहे आई. नोकरी आहे, घर आहे. मला इथलं सगळं आवडतं. थंडीसुद्धा." तू आणखी एक डाव उपमा वाढलास आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस.

छाटलेल्या फांद्यांवर डोळे फुटले, तेव्हा मला हाताला धरून ओढत नेलंस. एका बोटाने कोंब चाचपलास आणि खुदकन हसलीस. नोव्हेंबरात व्हिसा संपला. फुलं यायच्या आत तू गेलीस, साडी मागे ठेवून. जानेवारीत मी कॉलिंग कार्ड खरवडून फोन केला, तर बरी आहेस का हे विचारायच्या आधी तुझा प्रश्न, "फुललं का?" पुढच्या फुलोऱ्यापर्यंत तू या जगात राहिली नाहीस.

आजोबांचं खरं होतं. झाडाला साडीची गरज कधीच नव्हती. आता ते माझ्यापेक्षा उंच आहे, दर उन्हाळ्यात फुलांनी वाकतं, जाणारे येणारे थांबून बघतात. मलाही ऑफिसात सगळे खंबीर म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी घरी आले की सोमवारच्या ट्रेनपर्यंत बोलायला कोणी नसतं. मराठी तर त्या झाडाशीच बोलते, आणि ते बिचारं ऐकून घेतं.

आज दुपारी कपाटातून तुझी साडी काढली. झाडाला गुंडाळायची म्हणून बाहेर नेली, थोडा वेळ तिथे उभी राहिले, आणि तशीच परत आले. हे लिहिताना ती माझ्या खांद्यावर आहे. तुझा वास आता तिला येत नाही, नुसता कपाटाचा येतो. पुण्यातल्या दारावर दुसऱ्यांची पाटी आहे, त्यामुळे हा कागद कुठे पाठवायचा नाही, साडीच्या घडीतच जाईल. पण त्या सकाळी उपमा खाताना मी तुला जे सांगितलं, ते खरं नव्हतं. मला थंडी वाजत होती गं आई. अजून वाजते.